गाडी डावीकडे वळवली की पुढून घर्रर्र आवाज, गॅरेजवाला स्टीअरिंगचा रॅक (चाकं वळवणारा दांडा) बदला म्हणतोय. खरंच रॅक असेल का?

साखरपा_रोड
नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, पुढे डिस्क मागे ड्रम, ८२ हजार किमी झालेत. गाडी रत्नागिरीत असते, बाबांच्या तपासणीसाठी कोल्हापूरला सारखं जावं लागतं म्हणजे आंबा घाट आलाच. या पावसाळ्यानंतर पुढून आवाज यायला लागलाय. चाळीस-पन्नासच्या स्पीडला लांबचं डावं वळण घेतलं की पायाखालून जातं फिरवल्यासारखा घर्रर्र येतो, सरळ रस्त्यावर कमी होतो पण पूर्ण जात नाही, आणि उजवीकडे वळलं की जवळजवळ बंद. शिवाय अधूनमधून पत्रा घासतोय असा बारीक चर्रर्र पण येतो, तो अगदी गेटमधून गाडी बाहेर काढताना सुद्धा.

इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्याने गाडी जागेवरच उभी ठेवून स्टीअरिंग दोन्हीकडे फिरवून बघितलं आणि म्हणाला रॅक गेलाय, खर्च वीस हजारांच्या वर. चाक काढलं नाही, गाडी चालवून बघितली नाही. कशावरून म्हणता विचारलं तर म्हणे ताई वळताना आवाज म्हणजे स्टीअरिंगच. स्टीअरिंग तर हलकं आहे, मोकळं वाटत नाही, गाडी कुठल्या बाजूला ओढत पण नाही. पैसे घालायच्या आधी घरच्या घरी काय बघता येईल? स्टेपनी बदलता येते मला, जॅक-पाना आहे, दीर मदतीला आहेत. आणि महत्त्वाचं म्हणजे पुढच्या आठवड्यात बाबांना घेऊन घाटातून जायचंय, जाऊ का नको?

पानापेटी
ताई, रॅकला हो म्हणू नका अजून. रॅक खराब झाला की स्टीअरिंगला प्ले (सैलपणा) येतो, खड्ड्यात खटखट येते, गाडी सरळ धरून ठेवावी लागते. स्पीडबरोबर वाढणारी घरघर हे रॅकचं लक्षणच नाही, कारण रॅक काही चाकाबरोबर फिरत नाही. जे फिरतं तेच असा आवाज करतं, म्हणजे चाक, बेअरिंग, डिस्क, अॅक्सल आणि टायर.

तुमच्या वर्णनात मला दोन वेगळे आवाज दिसतायत आणि ते वेगळेच धरा. घर्रर्र जो स्पीडने वाढतो आणि डाव्या वळणात जोर धरतो तो बहुतेक उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग. गाडी डावीकडे वळते तेव्हा वजन उजवीकडे कलतं, बाहेरच्या बाजूच्या चाकावर लोड येतो, आणि लोड आला की खराब बेअरिंग ओरडतं. उजवीकडे वळलं की त्याच्यावरचं वजन कमी होतं म्हणून गप्प बसतं. म्हणजे आवाज ज्या वळणात येतो त्याच्या उलट्या बाजूचं चाक आधी बघायचं. शंभर टक्के असंच असतं असं नाही हं, बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन रांगा असतात, त्यातली कुठली खराब आहे त्यावर क्वचित आतल्या बाजूचं चाक पण आवाज करतं, म्हणून नुसत्या कानावर पार्ट मागवायचा नाही. चर्रर्र वाला मात्र ब्रेकच्या पत्र्याकडचा वाटतोय.

आता घरी काय करायचं ते. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, पन्नासला गाडी न्यूट्रल करा आणि ऐका. इंजिन बंद करू नका, स्टीअरिंग आणि ब्रेकची मदत जाते. न्यूट्रलमध्ये पण घरघर तशीच राहिली तर इंजिन-क्लच बाजूला ठेवा, मामला चाकांकडे आहे. मग गुळगुळीत डांबर आणि खरखरीत काँक्रीट दोन्हीवर चालवून बघा. टायर ठिकठिकाणी उंचसखल झिजला असेल तर हुबेहूब बेअरिंगसारखा आवाज येतो, पण तो रस्ता बदलला की बदलतो, बेअरिंगचा सहसा बदलत नाही. टायरवरून हात फिरवून बघा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट फिरवला की टोचतो असं असेल तर सांगा.

नंतर गाडी सपाट जागेवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा विटा लावा, नट थोडे सैल करून मग जॅक लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही, घोडी (गाडी टेकवायचा लोखंडी स्टँड) असेल तर घोडी लावाच. चाकाला वर आणि खाली धरा, घड्याळात १२ आणि ६ असतात तिथे, आणि आत-बाहेर हलवा. मग ३ आणि ९ ला धरून हलवा. फक्त ३-९ ला हललं तर टाय रॉड (रॅकपासून चाकाकडे जाणारी सळई) किंवा रॅककडे जायचं. १२-६ ला हललं तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा गोळीवर फिरणारा सांधा), आणि त्यातलं कुठलं ते ओळखायला दिरांना ब्रेक दाबून धरायला सांगून परत हलवा. ब्रेक दाबल्यावर हलणं बंद झालं तर बेअरिंग, तरी हलतंय तर बॉल जॉइंट.

शेवटचं म्हणजे गिअर न्यूट्रल ठेवून एका हाताने चाक फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर नुसता टेकवा. चांगल्या बेअरिंगला स्प्रिंग शांत असते, खराब असेल तर हाताला बारीक खरखर लागते. कानापेक्षा हात जास्त खरं सांगतो इथे. दोन्ही बाजूंना करा म्हणजे फरक कळेल.

घाटाचं म्हणाल तर ही तपासणी होईपर्यंत जाऊ नका.

डिझेलवाला_७२
सीव्ही जॉइंट (अॅक्सलच्या टोकाचा वळणारा सांधा) आहे, माझं सेम झालं होतं. बूट फाटलेला असेल, ग्रीस बाहेर आलं असेल. अख्खा अॅक्सल बदलून टाका, किरकिर मिटेल.

पानापेटी
@डिझेलवाला_७२ सीव्ही असता तर आवाज कट-कट-कट असा तुटक आला असता, तोही स्टीअरिंग जवळजवळ पूर्ण कापून अॅक्सिलरेटर दिल्यावर, पार्किंगमधून यू मारताना वगैरे. ताईंचा अखंड घर्रर्र आहे आणि पन्नासला लांब वळणात येतोय. तरी बूट बघायला काहीच खर्च नाही. ताई, चाक वर असताना स्टीअरिंग बाहेरच्या बाजूला पूर्ण कापा आणि चाकामागचा काळा रबरी घडीचा बूट टॉर्च मारून बघा, घड्यांच्या आत चीर असते ती वरवर दिसत नाही. रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं असेल तर बूट गेला समजा. आणि मोकळ्या मैदानात फुल कापून हळू गोल चक्कर दोन्ही बाजूंनी मारून बघा, कटकट आली तर सीव्ही. अख्खा अॅक्सल अंदाजाने बदलायचा खर्च काही कमी नाही, रॅकच्या जागी अॅक्सल सांगितला एवढाच फरक झाला मग.

मांडवी_ते_मोले
चर्रर्र आवाजाबद्दल थोडं. डिस्कच्या मागे एक पातळ पत्रा असतो, डस्ट शील्ड. त्यात आणि डिस्कमध्ये अगदी थोडी गॅप असते आणि खडी जाऊन बसते. कच्च्या रस्त्यावरून किंवा काम चालू असलेल्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांना हा त्रास फार. आमच्याकडे गोव्यात समुद्राच्या खाऱ्या हवेने तो पत्रा गंजून वाकतो पण, मग खडी नसली तरी घासतो. वळताना जास्त येतो कारण लोडने हब (ज्यावर चाक आणि डिस्क बसते तो मधला भाग) अगदी किंचित झुकतो आणि होती नव्हती ती गॅप जाते. आधी थोडी रिव्हर्स घेऊन ब्रेक मारून बघा, खडा कधीकधी तसाच पडतो. नाही पडला तर चाक काढून चपट्या स्क्रू ड्रायव्हरने पत्रा हळूच बाहेर ओढायचा, डिस्कपासून दोनतीन मिलिमीटर सुटला तरी पुरे. डिस्कवर ओरखडे आहेत का तेही बघा. आणि चाक काढलंच आहे तर पॅडची जाडी बघा, आतल्या बाजूचा पॅड आधी संपतो बऱ्याचदा आणि तो बाहेरून दिसत नाही. पॅड संपून लोखंड डिस्कवर घासत असेल तर ब्रेक मारताना पण तसाच आवाज येतो.

साखरपा_रोड
सगळ्यांचे खूप आभार, इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. पाली ते साखरपा चौपदरीकरणाच्या कामातून खडीवरूनच गेले होते बऱ्याचदा, त्यामुळे खड्याचं पटलं. रविवारी सकाळी दीर आणि मी बसलो.

न्यूट्रलमध्ये घरघर तशीच. डांबर, काँक्रीट दोन्हीवर सारखीच. टायर हाताला ठीक, कुठे टोचत नाही. मैदानात फुल कापून चक्कर मारली, कटकट अजिबात नाही, दोन्ही बूट शाबूत, रिमला ग्रीस नाही.

उजवं पुढचं चाक काढलं तर डस्ट शील्डच्या खालच्या कडेला जांभ्याचा खडा अडकलेला, शेंगदाण्याएवढा, एका बाजूने घासून अगदी सपाट आणि चकचकीत झालेला. डिस्कवर आतल्या बाजूने एक गोल रेघ पडलीय, नखाला जेमतेम लागते. पॅड अर्ध्याच्या वर आहेत, आतले पण. खडा काढला, पत्रा थोडा बाहेर घेतला, चाक लावून चक्कर मारली. चर्रर्र पूर्ण बंद!

पण घर्रर्र आहेच. मग परत जॅक लावून हलवून बघितलं. १२-६ ला अगदी किंचित टक्-टक् जाणवतं, ब्रेक दाबला की नाही. ३-९ ला काही नाही. स्प्रिंगवर हात ठेवून चाक फिरवलं तर वाळू दळल्यासारखं हाताला लागतं, डाव्या बाजूला तसं काहीच नाही, एकदम गुळगुळीत. म्हणजे बेअरिंगच ना? अजून एक आठवलं, जुलैत बाजारपेठेत पाणी भरलं होतं तेव्हा गाडी अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती काही तास.

पानापेटी
बेअरिंगच, उजवं पुढचं. स्प्रिंगची खरखर आणि ब्रेक दाबल्यावर बंद होणारा प्ले, दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतायत. पाण्याचं पण जुळतंय. बेअरिंगचं सील चालत्या गाडीचे शिंतोडे अडवायला असतं, तासन्‌तास पाण्यात बुडून राहायला नाही. पाणी आत गेलं की ग्रीस बिघडतं, गोळ्यांच्या वाटेवर गंजाचे ठिपके पडतात आणि मग तिथून पापुद्रे निघायला लागतात. लगेच नाही कळत, महिना-दोन महिन्यांनी आवाज सुरू होतो.

आता घाट नको. बेअरिंगमध्ये प्ले आलाय म्हणजे आवाजाच्या पुढची पायरी सुरू झालीय. प्ले वाढत गेला की चाक डगमगतं, डिस्क तिरकी फिरून पॅडला मागे ढकलते आणि ब्रेक पेडल खोल जातं, हे उतारावर झालं तर काय होईल सांगायला नको. अगदी टोकाला गेलं तर चाक जाम होतं किंवा हबसकट निसटतं. बाबांना एसटीने किंवा दुसऱ्या गाडीने न्या या वेळी.

उद्यमनगर_लेथ
ताई, काम करून घेताना काय बघायचं ते सांगतो, कारण बेअरिंग चांगलं आणून बसवणाऱ्याने वाट लावली असं लई बघतो आम्ही. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात प्रेस मशीनवर ही कामं रोजची आहेत.

तुमच्या गाडीत बहुतेक नकलमध्ये (बेअरिंग आणि हब धरून ठेवणारा चाकामागचा लोखंडी भाग) प्रेस करून बसवायचं बेअरिंग असणार, काही गाड्यांत बोल्टचं अख्खं हब युनिट येतं ते सोपं. प्रेसवालं असेल तर नकल गाडीतून उतरवून प्रेसवरच काम झालं पाहिजे, हातोड्याने ठोकून बसवणार असेल तर गाडी परत न्या. नवीन बेअरिंग नकलमध्ये घालताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा. मग त्यात हब घालताना आतल्या रिंगला खालून टेकू द्यायचा. हे उलटं केलं की सगळा जोर गोळ्यांतून जातो, गोळ्यांचे ठसे रिंगवर उठतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. मग मेकॅनिक म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला.

दुसरं, जुनं काढताना आतली एक रिंग हबवरच अडकून राहते. ती पुलरने काढायची. ग्राइंडरने कापून काढत असेल तर हबच्या दांड्याला खाच पडली नाही ना हे स्वतः बघा, खाच पडलेल्या किंवा झिजलेल्या हबवर नवं बेअरिंग टिकत नाही.

तिसरं, गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे का? बऱ्याच एबीएस गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाची रिंग असते, त्यावरून सेन्सर चाकाचा स्पीड वाचतो. ती बाजू सेन्सरकडे आली पाहिजे. उलटं बसलं तर एबीएसचा लाइट लागतो आणि परत सगळं खोलावं लागतं, आणि एकदा प्रेस करून काढलेलं बेअरिंग परत वापरता येत नाही, म्हणजे नवं घ्या. ओळखायचं कसं तर कागदाची टाचणी जवळ नेली की चुंबकाची बाजू ओढते. लोहचुंबक मात्र जवळ न्यायचा नाही.

चौथं आणि सगळ्यात जास्त चुकणारं म्हणजे अॅक्सलचा मोठा नट. तो नवा घ्या, फार महाग नसतो. टॉर्क रेंचनेच आवळायला सांगा, किती न्यूटन मीटर ते तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं. आणि चाक हवेत असतानाच ब्रेक दाबून तो पूर्ण आवळायचा, नट सैल असताना गाडी जमिनीवर उतरवून ढकलत न्यायची नाही. हा नटच बेअरिंगच्या आतल्या दोन रिंगा एकत्र धरून ठेवतो, तो आवळलेला नसताना वजन आलं की नवीन बेअरिंग तिथंच खराब होतं. शेवटी नटची कड पंचने दाबून लॉक करायची, ज्या नटला तशी कड असते त्याला.

नकल सुटली म्हणजे शॉकचे बोल्ट पण सुटले, त्यामुळे नंतर अलाइनमेंट तपासून घ्या. आणि जुनं बेअरिंग मागून घ्या, बघायला मिळतं काय झालं होतं ते.

ऑरेंज_सिटी_ड्राइव्ह
मध्येच विचारते, माफ करा. आमची गाडी नागपूरला आहे, घाट नाही की पाणी नाही. गाडी जागेवर उभी असताना स्टीअरिंग फिरवलं की पुढून कर्रर्र आणि मग टंग्ग असा आवाज येतो, चालताना काहीच नाही. हे पण बेअरिंग का?

पानापेटी
@ऑरेंज_सिटी_ड्राइव्ह नाही, चाक फिरतच नाहीये ना तुमच्या केसमध्ये. तुमचा शॉकच्या वरचा स्ट्रट माउंट आणि त्यातलं छोटं बेअरिंग जाम झालंय असं वाटतं. स्टीअरिंगबरोबर स्प्रिंग सहज फिरायला पाहिजे, ती अडकते, पीळ भरतो आणि एकदम सुटते तो टंग्ग. कोणाला तरी स्टीअरिंग हळू फिरवायला सांगा आणि तुम्ही बॉनेट उघडून माउंटच्या डोक्यावर बोटं ठेवा, त्या क्षणी झटका लागला तर तेच. दोन्ही बाजूंचे एकदमच बदलतात हे. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग असेल आणि फुल कापल्यावर नुसता हुंऽऽ असा रडका आवाज येत असेल तर ऑइलची लेव्हल बघा, इलेक्ट्रिक असेल तर ऑइलचा प्रश्नच नाही.

साखरपा_रोड
काम झालं! रत्नागिरीतच एमआयडीसीत एक प्रेसवाले आहेत, गॅरेज दुसरं निवडलं आणि @उद्यमनगर_लेथ दादांचा मेसेज प्रिंट काढून नेला. मेकॅनिकला राग येईल असं वाटलं होतं पण त्याने नीट वाचला आणि म्हणाला असंच करतो आम्ही, टॉर्क रेंच पण दाखवला. एबीएस आहे, त्यामुळे टाचणी लावून चुंबकाची बाजू माझ्यासमोर बघितली. रिंग पुलरने काढली, हबला खाच नाही. बेअरिंग, नवा नट, प्रेसचे पैसे, लेबर आणि अलाइनमेंट सगळं धरून रॅकला सांगितले होते त्याच्या चौथाईत झालं.

जुनं बेअरिंग फोडून बघितलं आम्ही. ग्रीस चहाच्या रंगाचं पातळ झालेलं, आतल्या रिंगवर गोळ्या फिरतात त्या वाटेवर अर्ध्या भागात पोपडे निघालेत, बोट फिरवलं तर कापेल असे. बाहेरची गोळ्यांची रांग जवळजवळ ठीक, आतली पूर्ण खराब. दिरांनी रॅकवाल्या गॅरेजमध्ये नेऊन दाखवलं, तो बघत होता बराच वेळ, पुढच्या वेळी चाक उचलून बघतो म्हणाला.

हातखंब्यापर्यंत जाऊन आले, ऐंशीपर्यंत नेली, डावीकडे उजवीकडे कुठेच काही आवाज नाही. आता एकच, डावं बेअरिंग पण त्याच पाण्यात होतं, ते लगेच बदलू का? आणि आता घाटातून जायला हरकत नाही ना?

उद्यमनगर_लेथ
लई भारी ताई. डावं आत्ता बदलू नका, प्ले नाही, खरखर नाही तर चांगला पार्ट कशाला फोडायचा. फक्त दर महिन्याला जॅक लावून स्प्रिंगवर हात ठेवून बघा, आणि उजव्या वळणात घरघर यायला लागली तर डावं समजा. मागची दोन्ही पण एकदा उचलून फिरवून बघा, तीही पाण्यात होती, आणि ड्रम उघडून लायनर साफ करून घ्या, चिखल बसलेला असतो आत. मागचं फिरवताना हँडब्रेक सोडावा लागेल, म्हणून पुढच्या चाकांना विटा लावून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा.

घाटाला हरकत नाही. आधी शंभरेक किलोमीटर गावातल्या गावात होऊ देत, मग चाकाचे नट परत पान्याने तपासा, ते थोडे सैल होतात कधीकधी. रिमला हात लावून दोन्ही बाजूंची गरमी सारखी आहे का बघा, उजवं जास्त तापत असेल तर थांबा आणि इथं लिहा. कोल्हापुरात आलात आणि काही वाटलं तर उद्यमनगरात या, गाडी उचलून बघायचे पैसे लागत नाहीत.